आधी ताट, मग सुई

प्रिय बेबीताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, देवाच्या कृपेनं मी इकडे बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? कपाशी वेचायला वाकू नकोस.

तू विचारतेस, अमेरिकेच्या तुरुंगात नर्सचं काम करताना भीती नाही वाटत? थोडी वाटते. पण आज बातमी आनंदाची आहे.

इथं साखरेची बिमारी असलेल्या कैद्यांना इन्सुलिन सहाला आणि नाश्ता आठला मिळायचा. त्यात रिकाम्या पोटी साखर उतरून वॉल्टर नावाचा म्हातारा कैदी दोनदा बेशुद्ध पडला. मी जेलरबाईंना आपल्या आईची रीत सांगितली. तू बाबांना इन्सुलिन टोचायला निघालीस की ती तुला ओरडायची, "बेबे, आंधी भाकर पुढं येऊ दे, मंग टोच तुह्या बापाले!"

बाई खूप हसल्या. तीन महिने कागद फिरले. गेल्या सोमवारपासून नाश्त्याची गाडी पुढे आणि सुया घेऊन मी मागे. आठवडाभरात कुणीच पडलं नाही.

काल वॉल्टरला सांगितलं, ही रीत माझ्या आईची, तर तो म्हणाला, "तुझ्या आईला माझे आभार कळव." ती आता नाही, हे मला सांगवलं नाही. तूच दिवा लावताना तिच्या फोटोला सांग, तुझं तुरुंगानंही ऐकलं म्हणावं.

तुझा धाकटा,
दीनानाथ