सहा तास पंचवीस मिनिटे मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
वीजपुरवठा उपविभाग,
पहिला मजला (दिवे न जाणारी इमारत).

विषय: घरगुती जनरेटरच्या परवानगीचा अर्ज मागे घेणे व त्याऐवजी सहा तास पंचवीस मिनिटांची नोंद मिळणे.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) 'मयत व्यक्तीच्या नावे अर्ज केल्याबद्दल' खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

हा अर्ज कार्यालयाच्या फाटकापाशी टेबल मांडून बसणाऱ्या लेखनिकाने अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिला आहे. आधीचे सहा अर्ज अर्जदाराने स्वहस्ते लिहिले होते. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाचे ते अक्षर आपण पाहिले असेल, निदान फाइलला भोक पाडताना तरी. महिन्याभरापासून त्याचा हात थरथरतो, म्हणून तो लेखनिकाकडे आला. लेखनिकाचे काम सांगितले तेवढे लिहिण्याचे. तरी मध्येच पदरचे चार शब्द पडले असतील, तर त्याचा राग अर्जदारावर काढू नये.

१. अर्जदाराचे घड्याळदुरुस्तीचे दुकान जिन्याखाली आहे आणि घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या पत्नी दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी त्यांना हवेची गादी दिली. ही गादी विजेच्या पंपावर फुगलेली राहते. वीज गेली की अर्ध्या तासात बसते, आणि मग माणूस सरळ पलंगाच्या फळीवर येतो. वीज गेली की दर वेळी अर्जदार दुकानाला कडी घालून, तीन जिने चढून पत्नीस कुशीवर वळवीत असे आणि वीज येईपर्यंत तिथेच बसत असे. दारावर त्याने कायमची पाटीच लावली होती, 'वीज आल्यावर येतो.' गिऱ्हाइके ती पाटी वाचून वाचून दुसरीकडे गेली. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

२. इन्व्हर्टरची चौकशी केली, पण त्याची बॅटरी भरायलाही वीज लागते, आणि ती इतका वेळ सलग टिकली असती तर इन्व्हर्टरची गरज काय होती? नवा जनरेटर परवडण्याजोगा नव्हता. अखेर दुकान बंद करणाऱ्या एका फोटोग्राफरने आपला दोरी ओढून सुरू करायचा छोटा पेट्रोल जनरेटर दिला, बदल्यात अर्जदाराने त्याच्या स्टुडिओतली सगळी जुनी घड्याळे चालती करून दिली. जनरेटरचा कार्बोरेटर अर्जदाराने स्वतः खोलून साफ केला, प्लग बदलला, धूर घरात येऊ नये म्हणून तो बाल्कनीच्या टोकाला विटांवर बसवला. गादीचा पंप आणि एक पंखा, एवढेच त्यावर चालवायचे होते. परिसरातल्या वायरमनने बजावले की मीटरपाशी चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका, नाहीतर तुमची वीज उलटी लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेला माणूस हकनाक मरेल. हे ऐकून पत्नी म्हणाल्या, "त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल. रीतसर कागद करूनच लावा." म्हणून पत्नीला लाभार्थी दाखवून पहिला अर्ज झाला. रीतसर कागदाची सुरुवात आमच्या बाजूने झाली, हे नमूद व्हावे.

३. आपल्या कार्यालयाने कळवले की घरगुती जनरेटरची परवानगी वीज वारंवार जात असल्याचा दाखला जोडल्यासच मिळते, आणि दाखला मिळतो आपल्याच कार्यालयातून. अर्जदार दाखल्याच्या टेबलाकडे गेला. तेथील कारकुनाने खंडित पुरवठ्याची नोंदवही उघडून दाखवली. दोन वर्षांत एकही नोंद नव्हती. कारकून सज्जन आहे. त्याने सरळ सांगितले की माझ्या डोक्यावरचा दिवा गेला की मी लिहितो, आणि तो गेलेला नाही. तो जाणार कसा? इमारतीच्या मागे ट्रकएवढा जनरेटर उभा आहे. त्याला परवानगी कोणी दिली आणि कोणता दाखला पाहून, हे विचारण्याचे अर्जदाराच्या मनात नाही. लेखनिकाच्या मनात आहे.

४. एका दुपारी पाठीची जखम चिघळलेली पाहून अर्जदाराचा धीर सुटला. घराच्या वायरिंगला हात न लावता त्याने पंपाची वायर थेट जनरेटरला लावली आणि दोरी ओढली. गादी फुगली. अकरा मिनिटे पत्नी डोळे मिटून शांत पडून होत्या. ज्या कार्यालयाला दोन वर्षांत वीज गेलेली दिसली नाही, त्याला ही अकरा मिनिटे मात्र बरोबर दिसली. नोटीस आली: 'परिसरातील वीजपुरवठा बंद असताना आपण विनापरवाना जनरेटर चालवला.' अर्जदार हरखून गेला. पुरवठा बंद होता, हे आपणच लेखी दिले होते! नोटीस जोडून त्याने तिसरा अर्ज केला. उत्तरादाखल शुद्धिपत्रक आले की 'बंद असताना' ऐवजी 'सुरळीत असताना' असे वाचावे. सोबत एक माणूस आला आणि जनरेटरच्या दोरीला शिशाचे सील ठोकून गेला.

५. तेव्हा अर्जदाराने आपल्या धंद्यातली युक्ती केली. पत्नीच्या पलंगासमोर त्याने दोन घड्याळे लावली. एक चावीचे. दुसरे विजेचे, भिंतीतल्या प्लगवर चालणारे. वीज गेली की ते थांबते आणि आली की थांबले तिथूनच पुढे चालू लागते. दर सोमवारी सकाळी दोन्ही बरोबर मिळवायची. पुढच्या सोमवारपर्यंत विजेचे घड्याळ जेवढे मागे पडेल, तेवढा वेळ वीज नव्हती. याहून सोपा आणि खरा पुरावा अर्जदारास सुचला नाही. पत्नी गमतीने म्हणत, "आपल्या घरात दोन वेळा नांदतात, एक आपली आणि एक साहेबांची." दहा आठवड्यांचे तक्ते त्याने पाचव्या अर्जाला जोडले. आपले उत्तर एका ओळीचे होते: 'आपले घड्याळ मागे पडते, ते दुरुस्त करून घ्यावे.' ते पत्र अर्जदाराने दुकानात कोणाला दाखवले नाही.

६. त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता अर्जदाराने पत्नीस खिडकीकडे तोंड करून वळवले. त्यांना ताप होता. सहावा अर्ज पिशवीत तयार होता. जाऊ की नको असे त्याला झाले होते. पत्नीच म्हणाल्या, "जाऊन या. आणि बाकावर जागा मिळाली तर बसा, गुडघे दुखतात तुमचे." खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी शेजारीण सोबतीला येऊन बसली आणि अर्जदार निघाला. दहा वाजून वीस मिनिटांनी घरातली वीज गेली. शेजारणीने एकटीने वळवून पाहिले, तिला ते जमले नाही. ती समोरच्या डॉक्टरांना बोलवायला धावली, तर ते रुग्णभेटीला गेले होते. इकडे आपल्या कार्यालयात दिवे लख्ख होते, पंखा गरगरत होता, त्यामुळे अर्जदारास काही कळण्याचे कारण नव्हते. त्याच्या अर्जावर सव्वा अकराचा शिक्का पडला. पुढे साहेब भेटतील म्हणून तो पावणेदोनपर्यंत थांबला. बाकावर जागा मिळाली होती.

७. डॉक्टर आले तेव्हा श्वास शेवटचा चालला होता. एक वाजून पस्तीस मिनिटांनी तो थांबला. डॉक्टरांनी सवयीने मनगटाकडे पाहिले. मनगट रिकामे होते, कारण त्यांचे घड्याळ तीन आठवडे अर्जदाराच्याच दुकानात दुरुस्तीला पडले होते. त्यांनी भिंतीकडे पाहिले. पलंगासमोरचे विजेचे घड्याळ सोमवारपासून तीन तास दहा मिनिटे मागे पडलेले होते आणि दहा-वीसपासून थांबलेले होते. ते सात-दहा दाखवत होते. घाईत डॉक्टरांनी तेच लिहिले. मृत्युनोंदणीच्या कारकुनाला कागद दुपारी चारला मिळाला. संध्याकाळचे सात-दहा अजून वाजायचे होते, म्हणून त्याने पुढे स्वतःच्या हाताने 'सकाळी' असे घातले. ज्याचे त्याचे काम ज्याने त्याने चोख केले.

८. आता आपले पत्र. त्यात म्हटले आहे की लाभार्थी सकाळी ७.१० वाजता मयत झाली असता अर्जदाराने ११.१५ वाजता तिच्या नावे अर्ज दाखल केला, सबब कारवाई का करू नये. म्हणजे बायकोचे प्रेत घरात ठेवून हा माणूस जनरेटर मागायला रांगेत उभा राहिला. महोदय, हे पत्र अर्जदाराने लेखनिकास वाचायला दिले आणि स्वतः रस्त्याकडे बघत बसला.

९. डॉक्टर भले आहेत, चूक कबूल करतात. परंतु नोंदणी कार्यालय म्हणते की लिहिलेली वेळ बदलायची तर घड्याळ थांबलेले होते हे सिद्ध करा, त्यासाठी त्या दिवशी वीज नसल्याचा दाखला आणा. दाखला आपल्याकडे मिळतो. आपली वही कोरी आहे. शेजारणीचा जबाब चालत नाही, कारण तिला वेळेचे शास्त्रीय ज्ञान नाही. अर्जदारास ते आहे, पण तो हितसंबंधी पडतो.

१०. खुलासा द्या आणि बाकी राहू द्या, असे सगळ्यांचे सांगणे आहे. शेजारीण तर डोळे पुसत म्हणाली, "कागदावर तरी तुम्ही त्यांच्याजवळ होता. ते कशाला खोडायला जाता?" खरेच आहे. सात-दहाला अर्जदार घरातच होता. पत्नीचे केस विंचरत होता. आपण नोंद दुरुस्त केलीत तर कायमचे असे लिहिले जाईल की बायको गेली तेव्हा नवरा आपल्या बाकावर बसला होता. तरी त्यास तेच लिहून हवे आहे. कारण कागद खरा मानला, तर नऊ वाजता 'बाकावर जागा मिळाली तर बसा' असे कुणी म्हणालेच नाही. तेवढे एकच वाक्य अर्जदाराकडे उरले आहे, आणि ते सात-दहा ते एक-पस्तीस या सहा तास पंचवीस मिनिटांच्या आत आहे.

११. सबब, जनरेटरची परवानगी आता नको. शिशाचे सीलही काढू नये. फक्त त्या आठवड्याच्या नोंदवहीत सोमवार ते गुरुवार सकाळपर्यंत तीन तास दहा मिनिटे, आणि गुरुवारी दहा-वीस ते एक-पस्तीस तीन तास पंधरा मिनिटे वीज नव्हती, एवढे लिहून द्यावे. दोन ओळी होतील. वहीत जागा भरपूर आहे.

अर्जदारास उत्तराची आशा नाही. फाटकाशी बसून लेखनिकाने जेवढे अर्ज आत जाताना पाहिले, त्यावरून त्यालाही नाही. आपण सुचवल्याप्रमाणे घड्याळ दुरुस्त केलेले नाही. त्या दिवशी दोन वाजता घरी पोचल्यावर अर्जदाराने आधी पत्नीचे डोळे नीट मिटले आणि मग त्या घड्याळाचा प्लग काढला. ते तसेच जोडत आहे.

आपल्या बाकावर बसलेला,
अर्जदार
(सही थरथरली आहे, खरी आहे)

दिनांक: आवकच्या शिक्क्यावर पडेल ती.
वेळ: कृपया अर्जदारास विचारून घालावी.

सोबत:
१) मृत्यूचा दाखला, प्रत.
२) आपली नोटीस व तिचे शुद्धिपत्रक.
३) डॉक्टरांचे कबुलीपत्र. (त्यांचे मनगटी घड्याळ दुरुस्त करून परत केले आहे.)
४) विजेचे भिंतीवरचे घड्याळ, एक नग, चालू स्थितीत, वेळ ७.१०. आपल्या कार्यालयात वीज कधीच जात नाही, म्हणून हात जोडून विनंती की ते कुणी प्लगला लावू नये.