आपोआप बरा झालेला व्हॉल्व्ह

ता. ८ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला, पण लाइन इतकी खराब की तू बोलतेस की कोणी पीठ चाळतंय ते कळेना. म्हणून हे पत्र. अक्षरात खरखर नसते.

बातमी चांगली आहे. तू तिकडे कॅमेरा घेऊन लोकांच्या गॅसच्या गळत्या शोधत हिंडतेस, एकदा बापाचं स्टेशन येऊन बघ. विहिरींतून आलेला गॅस कॉम्प्रेसरने दाबून पुढच्या पाइपात ढकलायचा, एवढंच आमचं काम, पण सगळं कसं चिडीचूप! सकाळी कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हला कान लावल्याशिवाय मी चहा पीत नाही, हे तुला माहीत आहेच. तीन नंबरचा तो, ज्याला तू मागच्या सुट्टीत 'फुसक्या' नाव ठेवलंस, तो थंडीत आपोआप बरा झाला. अहवालात 'गळती नाही' लिहून मोकळा झालो. साहेब खूश आहेत. निवृत्तीच्या तोंडावर शेवट गोड होतोय.

फिटर तेवढा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. हल्ली सगळेच तसं बोलतात. तुझी आईसुद्धा.

माया पाकिटात मावणार नाही, म्हणून इथेच थांबतो.

तुझे बाबा

ता. क. ठके, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे, म्हणून हे दोन शब्द गुपचूप. लाइन खराब नाही गं. त्याच फोनवर मावशी माझ्याशी तासभर बोलते. काल हे कुकरशेजारी बसून पेपर वाचत होते. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, बटाटे करपले, पण ह्यांनी मान वर केली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच बोलणं कानाआड करतात. तसंच असतं तर बरं झालं असतं. – आई


ता. १७ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फुसक्या बरा झाला हे मी दोनदा वाचलं. बाबा, माणसाचा खोकला आपोआप जातो. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं झिजलेलं पॅकिंग आपोआप बरं होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

एक हट्ट आहे. साबणाचं पाणी करा, ब्रशने प्रत्येक जोडाला लावा आणि बुडबुडे येतात का बघा. कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये जाण्याआधी दोन्ही दारं उघडून वारा खेळू द्या आणि गळ्यात गॅसचा मीटर अडकवा. तुमच्याकडचा गॅस डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. घरच्या सिलिंडरला येतो तो मुद्दाम घातलेला. आम्हीसुद्धा एकाच उपायावर विसंबत नाही. वारा सुटला की गॅस टिपणारा माझा कॅमेराही फसतो, मग मीही फेस करत बसते. आणि एवढीशी तर गळती, असं म्हणू नका. हा गॅस वर जाऊन हवा फार तापवतो, आणि थेंबे थेंबे तळे साचे.

एकटे जाऊ नका, फिटरला सोबत न्या. नाही म्हणालात तर मी जेवणार नाही, आणि ते तुम्हाला इथून दिसणारही नाही.

तुमच्यासारखीच हट्टी,
ठकी


ता. २५ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

साबण लावला. फिटरच्या हातात ब्रश, मी मागे. पहिले दोन व्हॉल्व्ह ठणठणीत. मी त्याला म्हणालो, पोरीला उगाच शंका. मग फुसक्याची पाळी आली. ओंजळभर फेस उभा राहिला, पोरी. मी वाकून कान टेकवला. फेस कानाला लागला, पण आतून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. फिटर काहीतरी सांगत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. तेव्हा कळलं, कित्येक महिने मी ओठांकडेच बघतोय.

शेडमध्ये त्याहून वाईट. माझ्या गळ्यातला मीटर कोकलत होता म्हणे. फिटरने दंडाला धरून मला बाहेर खेचलं.

स्टेशन शांत झालं नव्हतं, मी बहिरा झालो होतो. लगेच गॅस बंद करवला, साहेबांना खरं काय ते सांगितलं. पण त्या शेडमध्ये फिटरला रोज मीच धाडत होतो, जा रे, काही नाही म्हणून. त्याला दोन लेकरं आहेत. तुझ्या बापाजवळ कानांशिवाय दुसरं होतं काय? तेही गेले.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

बाबा


ता. ४ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी रडले, हे आधी सांगून टाकते. मग तुमचा राग आला, मग पुन्हा रडले. आईला कळू देऊ नको म्हणता; बाबा, पाकीट कोण चिकटवतं?

सायकलची ट्यूब पाण्यात बुडवण्याआधी तुम्ही ती माझ्या गालाजवळ धरायचात. गार झुळूक लागली की मी ओरडायचे, सापडलं! गळती शोधणं मी तिथे शिकले, कॅमेरा फार नंतर आला. मला चष्मा लागला तेव्हा माझे डोळे गेले असं तुम्ही म्हणाला नाहीत, चष्मा आणलात. मग कानांनीच काय घोडं मारलंय?

रजा काढली आहे, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आधी तुम्ही, मग फुसक्या. तोवर शेडमध्ये पाऊल टाकलंत तर गाठ माझ्याशी आहे.

मला तुम्ही अख्खे हवे आहात. 

ठकी


ता. ३० मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर रिकामं झालं. रिकामं, पण गप्प नाही. पेपरचं पान उलटताना एवढा आवाज होतो होय! तुझी आई तोंडातल्या तोंडात काय म्हणते तेही आता कळतं. कानातलं यंत्र काढून ठेवावं की काय, असा विचार आहे.

नवं पॅकिंग टाकल्यावर तू कॅमेऱ्याने सगळं बघून गेलीसच, तरी आज सकाळी मी पुन्हा साबण लावला. एक बुडबुडा नाही. शेडमध्येही मीटर शून्यावर. मग सवयीने वाकून फुसक्याला कान लावला. वर पत्रा वाजत होता, लांब कुत्रं भुंकत होतं, फिटर शिंकला, आणि फुसक्या तेवढा गप्प होता. मी बराच वेळ तसाच वाकून राहिलो. फिटर हाक मारत होता, ती मला पहिल्या हाकेलाच ऐकू आली.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. रविवारी फोन कर. लाइन दुरुस्त झाली आहे.

तुझे बाबा