पेट्रोलवरून गॅसवर

४ जानेवारी २०२४, सकाळी ७.१०
नवीन वही. भावनेत वाहून जाणारी बाई मी नाही, हे आधी लिहून ठेवते. मंगेशना जाऊन पाच महिने झाले. त्यांची सीएनजी गाडी अंगणात उभी आहे. रोज सकाळी पाच मिनिटं चालू करते, ती फक्त बॅटरी उतरू नये म्हणून. संकल्प: महिनाअखेर गाडी शिकणे. दर मंगळवारी ते कोंढ्याला हातमागाच्या साड्या पोचवायचे. ते आता मी करणार, एकटी. लायसन्स आहेच. बारा वर्षांपूर्वीचं, पण फोटो चांगला आलाय.

६ जानेवारी
शहापूरचा मेकॅनिक टेकचंद येऊन गेला. गॅस रोज सारखा नसतो म्हणे. कधी पातळ, कधी जड. नळीतला सेन्सर त्याचा दाब आणि गरमी ओळखतो, सायलेन्सरकडचा दुसरा धूर हुंगतो. मग कॉम्प्युटरचा डबा किती गॅस सोडायचा ते ठरवतो, आणि शिकलेलं लक्षात ठेवतो. "वहिनी, या डब्ब्यात भाऊचा पाय भरून हाये. कुठं दाबत, कुठं सोडत, सारं." हे तो चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला. बॅटरी काढली तर मात्र डबा कोरा होतो.
मी मनावर घेतलं नाही.

७ जानेवारी, ७.१०
गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते. तापली की 'टक्' असा आवाज येतो आणि आपोआप गॅसवर जाते. त्या क्षणी इंजिन अर्धा श्वास अडकतं, मग सावरतं. मंगेश जिना चढताना तिसऱ्या पायरीवर असेच थांबायचे.
योगायोग. मी बी.एस्सी. केलंय, दुसऱ्या वर्षापर्यंत.

११ जानेवारी
आज गाडी चालवली. गेटपर्यंत. अनुभव चांगला.
पण एक तांत्रिक अडचण ध्यानात आली. मी चालवत राहिले तर डबा माझा पाय शिकेल आणि त्यांचा विसरेल. सबब शिकणं पुढे ढकललं. हा आळस नाही.

१६ जानेवारी, मंगळवार
साड्या एसटीने पाठवल्या. बॉनेटवर कागद चिकटवला: 'बॅटरीला कोणीही हात लावू नये.' मामंजींनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, "आता लिहून काय फायदा?" म्हाताऱ्या माणसांना निराश बोलायची सवयच असते.

१९ जानेवारी
सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "काहून रोज धूर करून राहिली बाई? जायचं हाये त जा, नाही त बंद कर." बॅटरीचं कारण सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे काही बोलणार होत्या, पण मेथीची जुडीच सोडायला लागल्या.

२६ जानेवारी, ७.२०
गॅसच्या चार हिरव्या दिव्यांपैकी एकच उरला.
आज एक गोष्ट घडली. माझे दोन्ही पाय सीटवर घेतलेले होते. इंजिन आपलं आपण थोडं चढलं आणि उतरलं. कोणी हलकेच पाय ठेवून पाहावं तसं. मी बाजूच्या सीटवर होते. (रोज तिथेच बसते. चालकाच्या सीटचं कव्हर धुवायचं आहे.)
टेकचंदला फोन केला. तो म्हणे, गॅस कमी झाला की दाब उतरतो, मग सावरतो. मी विचारलं, सावरतो म्हणजे कोण? तिकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "डब्बा, वहिनी."

३० जानेवारी
कोंढ्याच्या उषाबाईंचा फोन. लेकीच्या लग्नाच्या साड्या त्यांना हाताळून पाहायच्या आहेत, पार्सल नको. "मंगेशभाऊ येत होते ना जी, तुमी काहून नाही येत?" पुढच्या मंगळवारी नक्की येते म्हटलं. नक्की.

६ फेब्रुवारी, मंगळवार
कोंढ्याला गेले नाही. डोकं दुखत होतं, सकाळी दहापासून दुखणार असं आठ वाजताच वाटलं होतं.
त्यात दिवा लाल झाला. पंपवाले गॅस भरत नाहीत, कारण टाकीच्या टेस्टची तारीख उलटून गेली आहे. टेस्टला टाकी काढावी लागते आणि टेकचंद आधी बॅटरी सोडतो. म्हणजे डबा कोरा. नाही. गाडी अशीच राहील.

८ फेब्रुवारी
मामंजींनी मला न विचारता टेकचंदला बोलावलं. मी बॉनेटसमोर उभी राहिले. सगळं बोलून टाकलं: डबा, मंगेशचा पाय, टक्, तिसरी पायरी. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.
मामंजी ओट्यावर बसले. खाली बघतच म्हणाले, तेरवीच्या दिवशी पावसानं लाईट गेली होती. सुखरामच्या भजनी मंडळाचा माईक चालेना. मग याच गाडीची बॅटरी काढून लावली. दुसऱ्या दिवशी परत बसवली. "तुले विचारलं होतं ना बेटा. तू मान हालवली होती."
मला आठवत नाही. भजन आठवतं. फार मोठ्यानं ऐकू येत होतं.
टेकचंद मान खाली घालून हात पुसत राहिला. तिसरी पायरी सगळ्याच गाड्यांना असते का, असं मी विचारलं. म्हणाला, "सगळ्याइले, वहिनी."
मी बाजूला झाले.

९ फेब्रुवारी, ७.१०
अंगणात तेलाचा डाग आहे. तिथे खुर्ची टाकून बसले होते. पाच मिनिटं.
टेकचंदचा फोन आला. शहापूरच्या वाटेत गाडी दोनदा बंद पडली. उभी असली की बेस चालते, चढावर दम सोडते. "नुसती उभं राहनंच शिकली दिसते, वहिनी."
तेरवीनंतर तिला शिकवणारी मी एकटीच होते.
मंगळवारी कोंढ्याला जायचं आहे. दोन-चार दिवस रस्त्यावर काढले की शिकते म्हणाला. कोण, ते मी विचारलं नाही.