ओयदीनचा कोरा कागद

४ मार्च
ताश्केंतच्या गणित-शाळेत आमच्या नुरोता गावातून एकच मूल पाठवायचंय. ओयदीन की बेहझोद? माझं काही ठरेना. हेडमास्तर ओलिम-आका म्हणाले, "एआयला विचारा की! सगळे तेच करतात." दोघांचं वर्षभराचं काम फोनवरच्या एआयमध्ये भरलं आणि विचारलं: नवं गणित दिलं तर कोण कसं सोडवेल?
उत्तर आलं: बेहझोद — पायरीपायरीने, शेवटपर्यंत. ओयदीन — लिहिलेलं पुसेल, कागद कोरा राहील.

५ मार्च
खात्रीसाठी दोघांना नवं गणित दिलं. अर्ध्या तासाने कागद ओढून घेतले. ओयदीनचा कोरा! "हे काय गं?" म्हणत तो फायलीत टाकला. खोदून विचारलं नाही — उत्तर फोनवर होतंच की. बेहझोदचं नाव पाठवलं.

९ मार्च
एआय काय म्हणालं ते वर्गात फुटलंय. पोरं ओयदीनला 'खोडरबर' म्हणतात. तरी काल महिला दिनाला तिने मला, तिच्या गणिताच्या बाईंना, ट्यूलिप आणले. "उस्तोज, पुढच्या वर्षी मला पाठवाल?"
"बघू," म्हटलं. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. सांगायचा धीर झाला नाही.

२२ मार्च
नवरोजचं सुमलक, गव्हाच्या अंकुरांची खीर, द्यायला ओयदीनकडे गेले. ती धाकट्या बहिणीला, लोलाला, कशिदा शिकवत होती. लोलाने फूल भरलं, सुरेख.
"आता उसव."
"का? बरोबर आलंय की."
"म्हणूनच. उसव, आणि न बघता परत भर."
त्यांची आई चहा ओतताना हसली. "ही गणितंही तशीच करते, उस्तोज. सोडवायचं, पुसायचं, परत सोडवायचं. वेड आहे नुसतं."
माझ्या मावशीने मलाही कशिदा असाच शिकवला होता. मी इथलीच ना, मला कळायला हवं होतं. चहा अर्धाच ठेवून निघाले.

२३ मार्च
तो कागद काढून उजेडाला तिरका धरला. पेन्सिलीचे वळ दिसले. अख्खं गणित, माझ्या रीतीहून आखूड. परत लिहायला मी वेळच दिला नव्हता.
एआय चुकलं नव्हतं. पुसेल म्हणालं, तिने पुसलं. का पुसलं, हे मी विचारायचं होतं. फार वाईट वाटतंय.
ओलिम-आका म्हणाले, "यादी गेली. आता कपाळ बडवून काय उपयोग?"

३ एप्रिल
ओयदीनला मुद्दाम अवघड गणित दिलं. हवा तेवढा वेळ घे म्हटलं. कागद कोराच आला. मी आशेने उजेडाला धरला — एकही वळ नाही.
"पुसलंस?"
"नाही उस्तोज. सुरूच नाही केलं. मी काय करणार ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं ना."