पुठ्ठ्याचं पथ्य

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या अर्धाच समज, उरलेला समक्ष घालीन.) तुझा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? भाऊजींचा खोकला? आम्ही सगळे ठीक. फोन केला की तू तो भाऊजींच्या हातात देतेस आणि भाऊजी मला हवामान सांगतात. गेल्या अडीच महिन्यांत तुमच्याकडचं ऊन, वारा, ढग सगळं मला पाठ झालं आहे. म्हणून हे पत्र.

विषय पुठ्ठ्याचा आहे. तुला बरंचसं ठाऊक आहे, पण तू गेलीस ती मधूनच गेलीस, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. रिकाम्या खोक्यात कुणीतरी दुकानासमोर ठेवून गेलेलं हे कुत्रं (म्हणून पुठ्ठ्या) अंग खाजवून खाजवून अर्धं झालं, तेव्हा मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, याला खाण्यातलं काहीतरी सोसत नाही. काय ते शोधायचं तर आठ आठवडे फक्त उकडलेला मासा आणि रताळं, कारण ते यानं जन्मात खाल्लेलं नाही. दुसरं काही कणभरसुद्धा पोटात जायला नको. खाज थांबली की एकेक जुना पदार्थ देऊन बघायचा. मध्येच कुणी लाडानं तुकडा दिला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आता मी पडलो बाइंडर. चाळीस वर्षं लोकांची सुटलेली पानं ओळीनं लावतोय. एक पान मागंपुढं झालं तर मला जेवण जात नाही. मी त्याच दिवशी एक रजिस्टर बांधलं, कोपऱ्यांना चामडं लावून. रकाने पाच: वेळ, मासा, रताळं, खाज, संशयित. शेवटचा रकाना बाईंनी सांगितलेला नव्हता, पण घर आपलं आहे, माणसं आपल्याला माहीत.

पहिली नोंद तुझ्या भावजयीची. अकराव्या दिवशी तिच्या हातून टोस्टचा कोपरा पडला. ती म्हणते पडला, मी लिहिलं पाडला, त्यावर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग पोस्टमन. हा गृहस्थ नोकरीला लागल्यापासून खिशात बिस्किटं ठेवतो आणि रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याला एक देतो; त्याला तो विमा म्हणतो. मी पत्रपेटी काढून फाटकाबाहेर लावली. आता तो लांबूनच पत्रं फेकतो, त्यातली निम्मी कुंडीत पडतात. मोजणी तिसऱ्यांदा पहिल्या दिवसावर आली.

एवढ्यात डोळ्याचं ऑपरेशन करून, विश्रांतीला म्हणून, तू आलीस. सोबत बिस्किटांचा डबा. डबा रोज दोनानं रिकामा होऊ लागला. तुझ्या भावजयीनं जेवताना विचारलं, हा एवढ्या लवकर कसा संपतोय, आणि मी सांगून टाकलं की ताई पुठ्ठ्याला चारते. तू म्हणालीस, मी एकही दिलं नाही, मला एका डोळ्यानं डबासुद्धा धड सापडत नाही. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी रजिस्टर पुढं केलं आणि सही मागितली. तासाभरात तुझी बॅग दारात होती. टॅक्सीत बसताना तू एवढंच म्हणालीस, "कुत्र्याची खाज औषधानं जाईल रे. तुझी कशानं जायची?" टॅक्सीवाला हसला. तेही नोंदवलं आहे.

तू गेल्यावर खाज थांबायला हवी होती. ती वाढली. तेव्हा मी पुठ्ठ्याला स्वतःच्या ताब्यात घेतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानात, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या पायाला बांधून, माझ्या डोळ्यांसमोर. बिचारा दिवसभर माझी बोटं चाटत बसे. मुक्या जिवाला आपलं कोण ते बरोबर कळतं. तरी त्याचे कान लालबुंद आणि पोटावर केस औषधालाही नाही.

शेवटी रजिस्टर काखेत मारून बाईंकडे गेलो. त्यांनी ते दोन मिनिटं चाळलं, मला दोन प्रश्न विचारले आणि कारण सापडलं. कारण किरकोळ होतं, तपशिलात शिरत नाही. सहा आठवड्यांत खाज थांबली, केस आले. मग खात्री करायला बाईंच्या सांगण्यावरून एक टोस्ट दिला, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा खरखर सुरू. म्हणजे गहूच. आता गहू कायमचा बंद. एकंदरीत चौकशी संपली आहे, आता कुणाला दोष देण्यात अर्थ नाही आणि झालं गेलं विसरून जावं, अशा मताचा मी झालो आहे.

डोळ्याला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं. पोस्टाची तिकिटं तिच्या कपाटात आहेत आणि तपशील लिहिल्याशिवाय ती कपाट उघडणार नाही. तर तपशील असा. बाईंनी विचारलं, तुमच्या बोटांना हे पांढरं काय लागलंय? म्हटलं, पानं चिकटवायची खळ. कशाची? मैद्याची. आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती मी रोज सकाळी स्वतः कशी शिजवतो, गुठळी होऊ नये म्हणून कशी घोटतो, हे सगळं मी त्यांना अभिमानानं सांगितलं. मैदा म्हणजे गहूच, हे सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. पुठ्ठ्या तेव्हाही माझी बोटं चाटत होता. हल्ली बटाट्याच्या पिठाची खळ करतो. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात तुझ्या भावजयीनं लाल शाईनं माझं नाव घातलं आहे, प्रत्येक पानावर.

ता. क. दुसरा. कपाट उघडलं होतं, परत बंद झालं. तिनं विचारलं, मग डब्यातली बिस्किटं कुठं गेली? ताई, ती मी खाल्ली. रोज दोन, दुपारी तू डोळ्यावर पट्टी ठेवून पडायचीस तेव्हा. (मला साखरेमुळं बिस्किटाकडे बघायचीही बंदी आहे, हे तू जाणतेस.) त्या दिवशी जेवताना तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. मग मागं फिरता येईना. सही मागितली तेव्हाही मला ठाऊक होतं. मला याची फार लाज वाटते.

ता. क. तिसरा. पुढच्या महिन्यात तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर तू इथल्या हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहणार, असं भाऊजींनी ढगांच्या मध्येच सांगितलं. खोली घेऊ नकोस. इथं तुझी खोली तशीच आहे. पुठ्ठ्या रोज तिच्या दाराशी जाऊन पडतो, त्याला उठवायला म्हणून मीही जातो आणि थोडा वेळ तिथंच बसतो. जाताना तू जे विचारलंस ना, माझी कशानं जायची, ती तू आल्याशिवाय जायची नाही. डबा जरूर आण. कुलूप लावून आण आणि किल्ली तुझ्या भावजयीकडे दे.