मुंबईचा मॅनिफोल्ड

अकोला, ८ नोव्हेंबर १९६१
मूर्तिजापूरची लष्करी लिलावातली गाडी पुन्हा गॅरेजात. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डला तीच चीर. दोनदा वेल्डिंग केलं, तिसऱ्यांदा उघडली. चिरेतून जाळ फेकते, म्हणून जिनिंगवाले कापसाची गाडी फाटकाच्या आत घेत नाहीत. ऐन हंगामात उभी. ओतीव मॅनिफोल्ड या मॉडेलचा आता मिळत नाही. मालकांना म्हटलं, पायपांचा बनवून देतो.
"जमलं तं मिस्त्रीची जागा तुयी, सुखदेव."
जुने मिस्त्री गेल्यापासून काम मीच ओढतो. हुद्दा अजून हेल्परचा.

११ नोव्हें.
जुना मॅनिफोल्ड उतरवताना तो आवळणारे दोन स्टड तुटले. तापवून, मेण सोडून काढले. त्यातच दिवस गेला.
सहा नळ्या, भंगारातल्या बॉयलरच्या. कोरडी वाळू ठासून भरली, भट्टीत लाल केल्या, वाकवल्या. एक चपटी झाली, फेकली. डावा हात भाजला.

१४ नोव्हें.
नळ्या जिला जोडायच्या ती पट्टी आधी इंजिनाच्या जुन्या हेडवर आवळली, मगच वेल्डिंग. मोकळी ठेवली की वाकते. हे कोणी शिकवलं नाही, दोन पट्ट्या वाया घालवून शिकलो.
गाडी सुरू. कुठे फुसफुस नाही. ड्रायव्हर करीमभाई म्हणाले, "हात चुमाले पायजे तुये."
शांताला म्हटलं, आता तुला मिस्त्रीणबाई म्हणतील. खूश झाली बिचारी.

१७ नोव्हें.
गाडी जिनिंगच्या आत गेली. तिथल्या मॅनेजरनं बॉनेट उघडून विचारलं, कुठला हा? मालक म्हणाले, "मुंबईहून मागवला." मी शेजारीच उभा. बॉनेट मीच बंद केलं. माझी मलाच लाज वाटते.
नंतर विचारलं, असं काहून सांगितलं?
"तुयं नाव घेतलं तं अर्धे लोक गाडी दुसरीकडं नेतीन. समजून घे ना बापा."
समजलो. आम्ही बौद्ध झालो त्याला पाच वर्षं झाली. यांच्या लेखी आम्ही तेच.

२१ नोव्हें.
मिस्त्रीच्या जागेवर मालकांचा मेहुणा आला, अमरावतीहून. पाना कुठल्या हातात धरतात तेसुद्धा... जाऊ दे. आल्या दिवसापासून सगळे त्याला "मिस्त्री" म्हणतात. करीमभाईसुद्धा.

२५ नोव्हें.
चांदूर बाजारची गाडी आली. तीच चीर. गाडीवाला म्हणतो, "आमाले बी मुंबईवालाच पायजे."
मालकांनी मला मागच्या बाजूला नेलं. "चार दिवसांत बनव. पार्सल आलं म्हून सांगतो मी. अन् मेहुण्याले संग घे, पाहून पाहून शिकून घेईन तो."
"मंग मुंबईलेच तार करा," मी म्हणालो.
मालकांना थट्टा वाटली. हसत हसत गल्ल्यावर जाऊन बसले. मी पाना बाकावर ठेवला आणि भर दुपारी घरी निघून आलो.
शांता विचारते, "उद्या जाता का तुमी?"
गेलो तर मेहुणा शिकेल, मग मी हेल्परही उरणार नाही. नाही गेलो तर अकोल्यात मला मिस्त्री म्हणून ठेवणारा कोण...
ती पुन्हा विचारून राहिली आहे.