हिरड्यांवरची मिश्री

आई, आजचाही दिवस पोटानंच खाल्ला. सकाळपासून सात वेळा जाऊन आले, रक्तही पडलं. मोठ्या आतड्याला सूज आहे. गोळ्यांनी निवते, पुन्हा उसळते. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "लहानपणी हिरड्या सुजायच्या का?" आणि मला पोलादपूरच्या वरची आपली वाडी आठवली, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा ठसका आठवला. मी लहान, माझ्या हिरड्या लालबुंद झाल्यात, भाकरी चाववत नाही, आणि तू तुझ्या मिश्रीत बोट बुडवून माझ्या तोंडात फिरवतेयस. "थुक, गिळू नको गो. आत्ता बधिर व्हईल." बधिर व्हायचंही. सूज मात्र वर्षानुवर्षं राहिली.

डॉक्टर म्हणाले, अशा मुलांमध्ये पुढे आतड्याचा आजार जास्त दिसतो असं काही अभ्यास सांगतात, पण त्यामुळेच झाला असं म्हणता येत नाही. तो 'पण' मला सभेत नको होता. गेल्या महिन्यात पोलादपूरला बायकांच्या मिश्रीविरोधी मेळाव्यात मी गरजले, "माझ्या आईनं चोळलेली मिश्री आज माझं आतडं जाळतेय!" टाळ्या पडल्या. खाली उतरले तर वाडीतली म्हातारी काकी वाट अडवून उभी. "मोठी भाषणवाली! तुझ्या आयशीनं काय करायचं व्हतं गो? दाताचा डाक्टर महाडात, यष्टी दिवसाला एक, आन् गोठ्यात चार म्हशी." मिश्री वाईटच, ते मी उद्याही ओरडून सांगेन. पण तेव्हा मी काकीला वळसा घालून गाडीकडे निघाले.

त्याच आठवड्यात तुझी नात म्हणाली होती, "आई, ब्रश केला की रक्त येतं." मी म्हटलं, "मेळावा होऊ दे, मग बघू." मेळावा झाला, मग दुसरी सभा, मग माझं पोट. मी महाडात राहते आई, दाताचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर आहे. काल एकदाची घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी हिरडी दाबून पाहिली आणि विचारलं, "किती दिवस झाले? त्यावर औषध ठरवायचंय." पोर बोलायच्या आत मी म्हणाले, "चार-पाच दिवस." पोरीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

महिना उलटून गेला होता. हे त्या बाईंना फोन करून सांगायला हवं, आणि मी तुला लिहीत बसलेय.